शिबिराआधीचं शिबिर : ताई-दादांच्या प्रशिक्षणाच्या नोंदी

उन्हाळ्याच्या सुट्टीत, मे महिन्यात, आम्ही खेड्यातल्या मुलांचं पाच दिवसांचं निवासी शिबिर घेतो. ते चालवणारे ताई-दादा अठरा ते चोवीस वयाचे, सगळे बिनपगारी. त्यांच्यासाठी मार्चमध्ये शनिवार-रविवार असं प्रशिक्षण ठेवलं, त्याच्या या नोंदी. जागा वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या अंगाला असलेल्या एका गावची शाळा. असं काही करू पाहणाऱ्याला तयारीच्या यादीपेक्षा काय फिसकटलं ते जास्त कामी पडेल, म्हणून भर त्यावर.

२ मार्च, रविवार

पहिली बैठक गुरुजींच्या ओसरीवर. गुरुजी निवृत्त आहेत, आमच्या प्रत्येक बैठकीला येतात आणि बराच वेळ डोळे मिटून बसतात. मी कार्यक्रमाचा कच्चा कागद वाचून दाखवला : नेतृत्वगुण, व्यक्तिमत्त्व विकास, बालमानसशास्त्र, संवादकौशल्य, प्रथमोपचार, कायदा, खेळांचं महत्त्व. सात भाषणं, नागपूरहून दोन वक्ते, मधे मधे चहा. गुरुजींनी डोळे उघडले. "हातानं काम करता करता शिकवा, हे वर्ध्यातच ठरलं होतं, १९३७ च्या शिक्षण परिषदेत. अन् तुम्ही वर्ध्यातच पोट्ट्यायले दोन दिवस भाषणं ऐकवून रायले."

कागद बाजूला ठेवला आणि मागच्या उन्हाळ्यात काय काय बिघडलं होतं ते आठवून लिहायला घेतलं. जेवणानंतर तीन मुलं कालव्यावर पोहायला गेली होती, ओल्या चड्ड्या वाळत घातलेल्या दिसल्या तेव्हा कळलं. एका मुलीला रात्री ताप भरला, तिच्या आईनं औषध देऊन ठेवलं होतं, पण ते कोणत्या ताईकडे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आंघोळीच्या बादलीवरून मारामारी झाली, एकाचा दात हलला. शेवटच्या दिवशी एका मुलाला 'मी याचा काका' म्हणणारा माणूस घेऊन गेला. काकाच होता तो, पण कोणी विचारलं नव्हतं.

यादी पूर्ण झाल्यावर बऱ्याच वेळानं कोणाच्या तरी लक्षात आलं की यातलं काहीही सत्र चालू असताना घडलेलं नाही. गाणी, खेळ, कागदकाम सगळं बरं झालं होतं. घोळ झाले ते दोन सत्रांच्या मधे, जेवणानंतर, अंधार पडल्यावर, घरी जाताना. आणि प्रशिक्षणात आम्ही दरसाल शिकवत होतो ते सत्र कसं घ्यायचं.

तेव्हा ठरलं ते असं : वक्ते रद्द. शनिवारी फक्त ताई-दादा, रविवारी सकाळपासून गावातली खरी मुलं. बाहेरून एकच माणूस, आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर.

८ मार्च, शनिवार

जागा मिळाली. मुख्याध्यापकांची तयारी होती, पण शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागला आणि ग्रामपंचायतीला वेगळा अर्ज. आधीच दोन्हीकडे एकाच दिवशी कागद दिला असता तर आठवडा वाचला असता.

जागेची पाहणी करताना आम्ही वर्गखोल्या मोजल्या, पंखे लावून पाहिले, मैदानावर चकरा मारल्या आणि खूश होऊन निघालो. संडासाकडे कोणी गेलंच नाही. परत फिरून गेलो. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, मुलांच्या संडासात पाणी नाही, दिवा दोन्हीकडे नाही. नळाला पाणी सकाळी सहाच्या सुमारास येतं आणि पाऊण तासात जातं. शाळेची टाकी लहान, शाळेच्या वेळेपुरतीच पुरणारी.

गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून कडी-कोयंडे बसवून घेतले, दोन मोठे प्लॅस्टिकचे ड्रम घेतले, बाहेर एक बल्ब ओढला. या सगळ्याला १,४८० रुपये लागले. मागून कळलं की शाळेच्या मोठ्या मुली कडी नाही म्हणून दिवसभर संडासला जातच नव्हत्या. त्यामुळे हा खर्च शिबिराच्या खात्यात टाकताना कोणी कुरकुर केली नाही.

१३ मार्च, गुरुवार

नावं सव्वीस आली आहेत, त्यात अकरा मुली. अडचण मुलींच्या मुक्कामाची. फोनवर सगळे वडील 'पाहू' म्हणाले. आमच्या भागात 'पाहू' म्हणजे नाही. मग घरोघर गेलो.

एका घरी वडील म्हणाले, "दिवसा ठेवा ना. राती मी गाडीवर घेऊन जातो, सकाळी आणून सोडतो." ते वाईट माणूस नाहीत. वाघाच्या जंगलाला लागून राहणाऱ्या माणसाला रात्रीचं कोणी कुठे असलं की घोर लागतोच, आणि इथे तर मुलगी. पण शिबिरातली रात्र ज्या ताईनं पाहिलेलीच नाही तिच्यावर मे महिन्यात मुलींची खोली सोपवायची कशी?

तोडगा अंगणवाडीच्या सेविकेनं काढला. त्या म्हणाल्या, मी मुलींच्या खोलीत झोपते, माझं नाव सांगा. त्यांचं नाव सांगितल्यावर सात घरांतून होकार आला. शिवाय प्रत्येक आईला सांगून ठेवलं की रात्री नऊला मुलगी स्वतः फोन करेल. परवानगीचं पत्र छापून नेलं होतं, त्यावर कोणाचं मन वळलं नाही. सेविका बाईंच्या नावावर वळलं.

१६ मार्च, रविवार

आचाऱ्यानं नकार कळवला. त्या दिवशी त्याला लग्नाची मोठी ऑर्डर मिळाली आहे. गावातल्या महिला बचत गटाला विचारलं. त्यांनी पटकन होकार दिला आणि आमचा मेनूचा कागद परत केला. "पनीर-बिनीर काही नाही. वरण, भात, पोळी, आलू-वांग्याची भाजी. रविवारी पोट्टे येतील तर भाजीत तिखट कमी घालतो." सकाळी पोहे. चार हजार रुपयांत दोन्ही दिवस.

रात्रीची जंगलफेरी कार्यक्रमातून काढून टाकली. दोन दादा नाराज झाले, त्यांना तेच करायचं होतं. मोहफुलं पडायला लागली आहेत, पहाटेच्या अंधारात लोक वेचायला जातात, अस्वलंही त्याच झाडांखाली येतात. मुलांना घेऊन जायचं नसलेल्या ठिकाणी मुलांचे ताई-दादा हौसेनं गेले की मे महिन्यात मुलं तेच मागणार. त्यापेक्षा मैदानात सतरंजीवर पडून आकाश पाहा.

२१ मार्च, शुक्रवार

बिछायत केंद्रातून भाड्याचं सामान आलं : गाद्या, सतरंज्या, दोन कुलर, गंज म्हणजे मोठी पातेली, कढया, सराटे. एका कुलरचा पंप फिरत नाही. बिछायतवाल्याला फोन केला, तो म्हणाला नेताना चालू होता. फोटो काढून ठेवला. सामान उतरवतानाच चालवून पाहायला हवं होतं, गाडी निघून गेल्यावर नव्हे.

लाकडाचं. जंगलातून लाकूड आणायचं नाही हे पक्कं होतं. वावरात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून ढीग लावलेले आहेत, एका शेतकऱ्यानं बंडीभर फुकट दिल्या. आम्ही खर्च वाचला म्हणून आनंदात. गटाच्या काकूंनी ढीग पाहिला आणि काही बोलल्या नाहीत.

२२ मार्च, शनिवार, सकाळ

सव्वीसपैकी एकोणीस आले. चार जणांकडे हरभरा काढणीला आहे, दोघांनी कारण सांगितलं नाही, एक मुलगी निघता निघता थांबवली गेली. मुली सहा राहिल्या.

श्रमदानानं सुरुवात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यात, सोमनाथला होणाऱ्या तरुणांच्या श्रमसंस्कार छावणीला जाऊन आलेले दोघं आमच्यात आहेत, त्यांचा आग्रह होता. मैदान झाडलं, दगड वेचले, संडासामागचं गवत कापलं. ओळख करून घेण्याचे खेळ यानंतर लागलेच नाहीत, कोण काम करतं आणि कोण फावडं धरून बोलतं हे तासाभरात सगळ्यांना कळलं होतं.

मग खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. नियम आधी सांगितला होता : शाळेच्या कुंपणाच्या आत नाही. तिघांनी विचारलं, "अन् कुंपणाच्या बाहेर?" बाहेर तुम्ही मोठे आहात. पण तोंडात धरून आत यायचं नाही, आणि पन्नी खिशातही नको.

जेवण दीड तास उशिरा झालं. पऱ्हाटी भडकते आणि विझते. काकूंपैकी एकीला नुसतं चुलीत कोंबत बसावं लागलं, वरण उतू गेलं आणि भात मधे कच्चा राहिला. दुपारी ९०० रुपयांचं बाभळीचं लाकूड विकत आणलं. पऱ्हाट्या चूल पेटवायला ठेवल्या.

२२ मार्च, दुपार

सिस्टर आल्या. दोन तास फक्त चार गोष्टी : ऊन लागणं, जुलाब, साप-विंचू, फिट. त्यांनी बोलणं थोडं केलं आणि करून घेतलं जास्त.

ओआरएसची पुडी दिली आणि म्हणाल्या, करून दाखवा. पहिल्या गटानं पेलाभर पाण्यात अख्खी पुडी ओतली. दुसऱ्या गटानं अर्धी पुडी तांब्यात टाकली आणि उरलेली गुंडाळून ठेवली. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, पूर्ण एक लिटर, हे पुडीवर छापलेलं आहे. वाचलं कोणी नाही. आणि वाचलं असतं तरी शाळेत एक लिटर मोजणार कशानं? आमच्या बाटल्या कोणती पाऊण लिटरची, कोणती नऊशे मिलीची. शेवटी दुकानातून बंद लिटरची पाण्याची बाटली आणली, ते पाणी एका जगमध्ये ओतलं आणि पाण्याच्या पातळीला रंगीत चिकटपट्टी लावली. मे महिन्यात हा जग औषधाच्या पेटीसोबतच राहील. पुडी नसेल तर घरचं : एक लिटर पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हे मात्र सगळ्यांनी पाठ केलं.

उन्हाबद्दल खिशातल्या कांद्याचा विषय निघालाच. सिस्टर म्हणाल्या, ठेवा कांदा, पण दुपट्टाही बांधा आणि दर थोड्या वेळानं पाणी पाजा. मूल बरळायला लागलं, अंग भाजल्यासारखं तापलं, तर सावलीत आणा, कपडे ओले करा, वारा घाला आणि लगेच रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

सापाचा सराव केला तो सगळ्यात शिकवणारा ठरला. एका दादाला सांगितलं, तुझ्या पायाला चावला आहे, पड. तो ओरडत पडला. पुढच्या क्षणी अठराच्या अठरा जण त्याच्याभोवती. दोघांनी रुमाल काढून पायाला आवळायला घेतला. सिस्टरनी थांबवलं : आवळायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. पाय हलू न देता फळीला सैल बांधा, चालवत नेऊ नका, घड्याळ पाहून वेळ लिहा, आणि सापाच्या मागे कोणी जाऊ नका. सापाच्या विषावरचं औषध सरकारी दवाखान्यात मिळतं, मांत्रिकाकडे मिळत नाही.

उचलून फाटकापर्यंत नेलं. फोन करायला सांगितलेली ताई बोलायला लागली : "शाळेत आहोत आम्ही." कोणती शाळा? कोणतं गाव? कुठून वळायचं? तिला गावाचं नाव आलं, पुढचं नाही. ती शेजारच्या तालुक्यातली आहे, तिला येणार कसं.

सिस्टर फाटकातून मागे वळून म्हणाल्या, "अन् तुमची चाळीस मुलं कुठं आहेत आता?"

मैदान रिकामं होतं. सगळे ताई-दादा पेशंटमागे धावले होते. हा खरा प्रसंग असता तर चाळीस मुलं एकटी राहिली असती, आणि साप तिथेच कुठेतरी.

पुन्हा केलं. एक जण पेशंटजवळ, एक फोनवर, दोघं उचलायला, बाकी सगळे मुलांजवळ आणि लगेच मोजणी. कोण काय करणार हे त्या वेळी ठरवायचं नाही, रोज सकाळी ठरवून पाटीवर लिहायचं. भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद लावला : गाव, तालुका, शाळा, मुख्य रस्त्यावरून कुठल्या मंदिराशी वळायचं, फोनवर हे वाचून दाखवा.

२२ मार्च, संध्याकाळ आणि रात्र

मुलांच्या सुरक्षिततेचा तास पाच वाजता ठेवला होता. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा, मी फळ्यावर लिहून समजावत होते. मागे खुसखुस, पुढे खाली माना. मुली वहीत रेघा ओढत बसल्या. वीस मिनिटांत थांबवलं.

जेवणानंतर तेच पुन्हा घेतलं. पाच-पाच जणांचे गट, मुलींचा वेगळा, प्रत्येक गटाला एक प्रसंग. एक प्रसंग असा : दहा वर्षांची मुलगी म्हणते, ताई, एक सांगते पण कोणालाच सांगू नको अशी शपथ घे. तुम्ही काय म्हणाल? जवळपास सगळ्यांनी शपथ घेतली. साहजिक आहे, मूल बोलतं आहे तर त्याला तोडायचं कसं. पण शपथ घेतली आणि तिनं जे सांगितलं ते पोलिसांपर्यंत न्यावंच लागणारं निघालं, तर? या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचं कळलेल्या कोणत्याही माणसानं पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, ताई-दादा त्यातून सुटत नाहीत. मग काय म्हणायचं? बराच वेळ वाक्य जुळेना. शेवटी सेविका बाईंनी दिलं : "तुला मदत लागली तर मला एखाद्या मोठ्या माणसाला सांगावं लागेल, पण कोणाला सांगते ते तुला आधी सांगीन." ते सगळ्यांनी एकमेकांना म्हणून दाखवलं. खोदून विचारायचं नाही, तिचे शब्द तसेच लिहून ठेवायचे, मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा नंबर. बाकी नियम साधे : बंद दाराआड एका मुलासोबत एकटं नाही, आंघोळीच्या जागी फोन नाही, मुलांचे फोटो स्वतःच्या स्टेटसवर नाहीत. शेवटच्या नियमावर सगळ्यात जास्त वाद झाला, हे लिहून ठेवते.

रात्री नऊला मुलींचे फोन झाले. एक आई दहा मिनिटं सेविका बाईंशीच बोलली.

रात्रपाळी लावली, दोन-दोन तासांची, एकेक जण. दोन ते चारचा दादा खुर्चीत घोरत होता. पहाटे कोणतं तरी कुत्रं आत आलं, त्यानं पोह्यांची पिशवी फाडली. पोहे कमी पडणार म्हणून काकूंनी त्यात मुरमुरे मिसळले. यापुढे पाळी जोडीनं, आणि दर अर्ध्या तासाला दोघांनी फिरून वहीत वेळ लिहायची. एकट्या जागणाऱ्याला झोप येणारच, दिवसभर श्रमदान करून आलेल्याला तर येणारच येणार.

२३ मार्च, रविवार

आठ ते बारा वयाची चाळीस मुलं बोलावली होती. नऊ वाजेपर्यंत त्रेसष्ट झाली, शिवाय काहींच्या कडेवर भावंडं. एका मुलीला म्हटलं, बाळाला घरी ठेवून ये. ती म्हणाली, आई हरभरा सोंगायला गेली. कोणाला परत पाठवायचं नाही असं ठरवलं आणि सेविका बाईंनी वऱ्हांड्यात बाळांसाठी सतरंजी टाकली.

नावनोंदणीच्या टेबलापाशी एकच रांग आणि एकच लिहिणारा. उन्हात अर्धा तास गेला, रांगेतच ढकलाढकली सुरू झाली. मधेच बदललं : चार रंगांच्या रिबिनी, चार ताई-दादा, ज्याला जी रिबीन तो त्या गटात, नावं गटात बसून लिहायची. दहा मिनिटांत मोकळं.

खेळात पहिली फजिती. एका दादानं लगोरीचे नियम सांगायला घेतले. इथल्या मुलांना लगोरीचे नियम! पाच मिनिटं तो बोलत होता, तेवढ्यात मुलांनी दगड रचून डाव सुरूही केला. दुसऱ्या गटात एका ताईनं नवीन खेळ शिकवला, पण तोंडानं नाही, चार मुलांना पुढे घेऊन खेळूनच दाखवला. तिचा गट सगळ्यात आधी रंगला. दुपारपर्यंत निम्म्या दादांचे आवाज बसले होते. शिट्टी एकाचीच, आणि ती फक्त 'असाल तिथे थांबा' यासाठी, हे आजपासून.

साडेअकराला पाणी प्यायला सुट्टी दिली आणि परत मोजलं तर निळ्या गटात एक कमी. नऊ वर्षांचा मुलगा. शाळेत नाही, संडासात नाही, मैदानावर नाही. कालच्या सरावाचा उपयोग झाला तो इथे : कोणी सैरावैरा धावलं नाही, दोघं कालव्याकडे गेले, दोघं त्याच्या घराकडे, बाकीच्यांनी मुलं सावलीत बसवून गाणं सुरू केलं. गाणाऱ्या ताईचा आवाज कापत होता, पण गात राहिली. तो घरीच सापडला. शेळीला पाणी पाजायची त्याची वेळ झाली होती, म्हणून गेला होता. पाजून परत येणारच होता, असं म्हणाला.

त्याला रागवण्यासारखं काही नव्हतं. फाटकावर माणूस नव्हता. यापुढे फाटकावर सतत एक जण, मुलांच्या जोड्या लावायच्या म्हणजे जोडीदार आधी सांगेल, आणि मोजणी प्रत्येक वेळी जागा बदलताना : पाण्याआधी, पाण्यानंतर, जेवणाआधी, जेवणानंतर.

जेवण वेळेवर झालं. बाभूळ चांगली जळली.

मग तो वेळ आला ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं होतं, जेवणानंतरचे दोन तास. कार्यक्रमपत्रिकेवर तिथे मुद्दामच काही लिहिलं नव्हतं, 'ताई-दादा ठरवतील' एवढंच. काय ठरलं? काही नाही. दादा लोक भिंतीला टेकले, दोघं फोन पाहायला लागले. पंधरा मिनिटांत मुलं टाकीच्या शिडीवर, दोन गटांत रिबिनींवरून भांडण, एक मूल रडत बसलेलं. मी हस्तक्षेप करणार होते, गुरुजींनी हात धरला.

आयटीआयमध्ये फिटर ट्रेड करणारा एक दादा आहे, दोन दिवसांत फारसं बोललेला नाही. तो उठला, शाळेच्या चिंचेखालून चिंचोके गोळा करून आला आणि वऱ्हांड्याच्या फरशीवर बसून एकेक चिंचोका दगडावर घासायला लागला. दोन फाका करायच्या, एक बाजू काळी, एक पांढरी, चार फाकांचे फासे. कोणाला बोलावलं नाही. आधी शिडीवरची मुलं उतरून आली. मग खडूनं चौकटी आखल्या गेल्या, कोणी काचेचे तुकडे आणले सोंगट्यांना, तासाभरात वऱ्हांडाभर डाव मांडलेले. दुसऱ्या टोकाला एका ताईनं पळसाची पडलेली फुलं गंजात उकळून केशरी रंग काढला, मुलं जुन्या वहीच्या पानांवर बोटांनी रंगवत बसली. कोणालाही ऊन लागलं नाही, कोणी कालव्यावर गेलं नाही.

संध्याकाळच्या बैठकीत यावरच जास्त बोललो. प्रत्येकानं अशा दुपारसाठी हातात असलेली एक गोष्ट लिहून दिली : दोरीच्या गाठी, कागदी भिंगरी, ज्वारीच्या ताटांची बैलगाडी, कोडी. एका दादानं लिहिलं, 'मला काही येत नाही, पण मी मुलांच्या शेजारी बसू शकतो.' तोही चालेल.

अप्रिय गोष्ट : एका लहान मुलीला खर्र्याची रिकामी पन्नी सापडली, ती 'दादा, हे तुमचं' म्हणून घेऊन आली. दादानं नाही म्हटलं नाही. त्याला उरलेल्या दिवसासाठी मुलांपासून बाजूला केलं, त्यानं भांडी घासली, आणि मेच्या शिबिरात घ्यायचं की नाही यावर आमच्यात एकमत नाही. काम तो चांगलं करतो.

मुलांना घरी सोडताना पालकाची सही, सही येत नसेल तर अंगठा. गर्दी झाली, एक आजी चिडली : "माह्या नातवाले न्यायले मीच अंगठा देऊ?" दिला शेवटी.

२४ मार्च, सोमवार

हिशेब. किराणा आणि भाजीपाला ९,२००, बचत गट ४,०००, बिछायत ३,८५०, पाण्याचे जार ७२०, लाकूड ९००, संडास-ड्रम-बल्ब १,४८०, खेळाचं आणि औषधाचं साहित्य २,३५०, प्रवास २,१००. एकूण २४,६०० रुपये. साहित्यात ६०० रुपयांचा बॅनर आहे. तो वाऱ्यानं पहिल्याच सकाळी सुटला आणि लाकडं झाकायला वापरला, पुढच्या वेळी छापायचा नाही. प्रत्येकी २०० प्रमाणे एकोणीस जणांचे ३,८०० आले, देणगीदारांचे १६,०००. कमी पडलेले ४,८०० आम्ही चौघांनी वाटून घातले. तांदूळ आणि तूरडाळ गावातून मिळाली नसती तर खड्डा मोठा पडला असता.

माणशी खर्च पाहून कोणाला महाग वाटेल. मुलांचं जेवण सोडलं आणि संडासाची दुरुस्ती सोडली तर बराच कमी होतो, पण ही दोन सोडून हे प्रशिक्षण होत नाही.

३० मार्च, रविवार

एकोणीसपैकी चौदा जणांनी मेसाठी नक्की सांगितलं. गाणाऱ्या ताईला घरून परवानगी आहे. ज्या वडिलांना रात्री मुलगी घरी हवी होती, त्यांनी स्वतःहून विचारलं, सेविका बाई मेमध्येही असतील का. बाईंशी बोलायचं आहे, त्यांना त्या दिवसांत रजा मिळेल की नाही यावर मुलींची खोली अवलंबून आहे.

मेचं वेळापत्रक बदललं : मैदान सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर, दुपारी अकरा ते चार खोलीत. त्या पाच तासांना आता सगळ्यात जास्त ताई-दादा लावले आहेत, सकाळच्या खेळांना कमी. औषधं एकाच ताईकडे, एकाच वहीत, कोणाला कोणती आणि किती वाजता. आंघोळीला गटवार बादल्या, रिबिनीच्याच रंगाच्या.

बिछायतवाल्यानं पंपाचे ५०० रुपये अनामतीतून कापले आहेत. फोटो दाखवला, तो म्हणतो फोटोत पंप बंद आहे की कुलर बंद आहे हे कळत नाही. उद्या पुन्हा जायचं आहे.